आतले चार नट

नैवेद्य दाखवायच्या आधीच केरबानं पाटावरचा टॉर्क रेंच उचलला. वर वाहिलेली झेंडूची दोन फुलं जमिनीवर घरंगळली. शेजारचे पाने, पकडी, हातोडा खंडेनवमीला मांडले होते तसेच राहिले, अंगावर हळदीकुंकवाची बोटं घेऊन.

चंद्राबाई हातातलं उलथनं घेऊनच बाहेर आली.

"आवं, काय करताय? अजून निवद दावायचाय."

"राजवर्धनराव गाडी कवा घिऊन गेले?"

"आठाला. तुमी फुलं आनाय गेलता. म्हनले, ल्येकीला घिऊन मेढ्याला जायचंय, दुपारच्या आत सोनं वाटायचंय. मी किल्ली दिली."

"दहाला या म्हनलो हुतो की त्यास्नी!"

"झालंय सगळं, आसं तुमीच काल म्हनला हुता."

रेंच फडक्यात गुंडाळून केरबानं मोटरसायकलच्या मागं रबरानं करकचून बांधला. चंद्राबाई पायरी उतरून खाली आली.

"आवं, जरा थांबा. मला सांगायचं हाय..."

"आल्यावर!"

त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. पुढचं काही त्याला ऐकू आलं नाही. तशी बायकोचं पुरतं ऐकून घ्यायची सवय त्याला कधी नव्हतीच, हेल्मेट असो वा नसो.

गाडी राजवर्धनच्या वडिलांची होती. लाल, बुटकी, दोन सिटांची, पन्नास वर्षांपूर्वी बोटीनं आलेली. तिची मूळची तारांची चाकं गंजून गेली होती आणि तशी चाकं आता कुठं मिळत नव्हती. राजवर्धननं नवी अलॉय चाकं मागवली, पण गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या तबकडीला, चार बोल्ट आणि नव्या चाकाला पाच भोकं. म्हणून मध्ये अ‍ॅडाप्टर, म्हणजे अंगठ्याएवढी जाड अ‍ॅल्युमिनियमची चकती. ती आधी चार नटांनी हबवर बसवायची, मग तिच्यावर पाच नटांनी चाक. केरबाला हा मध्यस्थ मुळात पसंत नव्हता. एकदा चाक चढलं की आतले चार नट दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायला तो सैन्याच्या वर्कशॉपात शिकला नव्हता.

काल संध्याकाळी तीन चाकं त्यानं रीतसर बसवली. रेंचचा काटा नव्वदावर लावला की तेवढा जोर पडल्यावर रेंच 'टक्' करून सांगतो, बास. चौथ्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकाची चकती हबवर ठेवली आणि तेवढ्यात कुंडलहून भावाचा फोन आला. बोलणं उरकून परत आला तर रेंच जागेवर नव्हता. चंद्राबाईनं तो पाटावर मांडून पूजा केली होती. वर्षभर त्या रेंचला कुणी हात लावलेला केरबाला खपत नसे. फक्त खंडेनवमीला तिला तो उचलायची मुभा होती. आणि एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या नैवेद्याशिवाय उचलायचं नाही, हे त्याच्या आजापासून चालत आलेलं.

म्हणून त्यानं पाटावर न मांडलेला एक साधा पाना घेतला आणि हाताच्या अंदाजानं आतले चार नट आवळले. वर चाक चढवून तेही तसंच आवळलं. सकाळी नैवेद्य झाला की दहाच्या आत खोलून पुन्हा करू, असा हिशेब. चंद्राबाईनं विचारलं तेव्हा मात्र "झालं सगळं" म्हणून मोकळा झाला. अर्धवट काम बायकोपुढं कबूल करायचं जिवावर आलं, दुसरं काय.

सांगली सुटली, आष्टा मागं पडलं. दुकानांवर झेंडूची तोरणं होती, ट्रॅक्टरच्या नाकावर हार होते. केरबाला रस्त्याच्या डाव्या कडेशिवाय काही दिसत नव्हतं. कुठं चार माणसं जमलेली दिसली की त्याचा हात आपोआप ब्रेकवर जाई. एकदा कोबीच्या टेंपोभोवती गर्दी होती, एकदा नुसतीच देवीची पालखी.

पेठ नाक्यावर थांबून त्यानं राजवर्धनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या गाडीच्या इंजिनापुढं फोन ऐकू येणं कठीणच. स्क्रीनवर चंद्राबाईचे तीन फोन येऊन गेलेले दिसले. पूजा मोडली म्हणून बोलणार असेल, असं धरून त्यानं फोन खिशात टाकला.

लडाखला असताना त्याच्यासमोर ट्रकचं चाक निखळलं होतं. ट्रक थांबला, चाक थांबलं नाही. उतारावरून उड्या घेत ते खाली गेलं आणि रस्त्याकडेला चहा पीत बसलेल्या बिराप्पा नावाच्या जतच्या पोराला घेऊन गेलं. ज्यानं ते चाक आवळलं होतं, तोही हाताच्या अंदाजाचाच होता. तेव्हापासून केरबानं रेंचशिवाय एक नट आवळला नव्हता. कालपर्यंत.

कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. गाडीत राजवर्धनची सोनिया होती, नऊ वर्षांची. चाकं निवडायला तीच बापाबरोबर गॅरेजात आली होती आणि नट मोजून गेली होती. सरळ हमरस्त्याचं केरबाला एवढं भय नव्हतं. मेढ्याच्या रस्त्याला वळणं आहेत, आणि उजव्या वळणावर सगळा भार डाव्या चाकांवर येतो.

सातारा ओलांडून मेढ्याच्या रस्त्याला दहा-बारा किलोमीटर गेल्यावर एका वळणापलीकडं लाल रंग दिसला. गाडी रस्ता सोडून कडेला होती. डावीकडं कललेली. भोवती सात-आठ माणसं.

केरबानं मोटरसायकल उभी केली की आडवी टाकली, हे त्याला नंतरही आठवलं नाही. माणसांना बाजूला सारत तो आत घुसला.

राजवर्धन बॉनेटला टेकून चहा पीत होता. सोनिया ज्याला त्याला आपट्याचं पान वाटत होती. गाडी कलली होती कारण कडेची माती उतरती होती. माणसं फोटो काढायला जमली होती.

"अरे, मेजर!" राजवर्धन म्हणाला. सातारा-सांगलीकडं सैन्यातून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. "तुम्ही इथं? मक्खन पळतेय गाडी."

"साहेब, गाडी सपाटीवर घ्या. मागचं डावं चाक खोलायचंय."

"का? काय झालं?"

"आदी घ्या. मग सांगतो."

त्याचा चेहरा बघून राजवर्धननं चहा खाली ठेवला. गाडी हळू सपाटीवर घेतली. डिकीतला जॅक निघाला. पोरीला लांब उभं करून केरबा गुडघ्यावर बसला. बाहेरच्या पाच नटांवर कुंकू होतं, पण दसऱ्याचं कुंकू बॉनेटवर होतं, दारावर होतं, ते चाकावर असण्यात नवल नव्हतं. त्यानं ते नट काढले, दोन्ही हातांनी चाक ओढून घेतलं आणि आत बघितलं.

आतल्या चारही नटांच्या कडांना कुंकू लागलं होतं.

काल त्यानं ते आवळले तेव्हा ते कोरे करकरीत होते. त्यानं फडकं सोडून रेंच बाहेर काढला. पूजेच्या वेळी चंद्राबाईनं त्याच्या तोंडाच्या सॉकेटवर, म्हणजे नटावर बसणाऱ्या वाटीवर, बोट ओढलं होतं. ते आता अर्धं पुसलं होतं आणि सॉकेटच्या आतपर्यंत कुंकू गेलं होतं. सकाळी उचलताना त्यानं हे पाहिलंच नव्हतं. काटा अजून नव्वदावर होता.

त्यानं रेंच पहिल्या नटावर चढवून जोर दिला. नट तसूभर हलला नाही.

टक्.

दुसरा, तिसरा, चौथा. टक्, टक्, टक्.

"सैल होते का?" राजवर्धननं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

खिशातला फोन पुन्हा थरथरला. या वेळी केरबानं तो घेतला.

"आवं, फोन का उचलत न्हाई? त्ये मागचं चाक मी आवळलंय!"

"बगतोय मी."

"काल घरात बसून रेंचच्या 'टक्' मोजल्या. एका चाकाला नऊ. सत्तावीस झाल्या आनि बंद. चौथ्याच्या टायमाला तुमचा रेंच मीच उचलून आनला हुता, त्ये निजताना ध्यानात आलं. मग पहाटं खोलून आतलं-भाईरलं पुन्ना आवळलं. काटा तुमी लावला हुता तसाच ठिवला."

"मला उठवायचं न्हाईस व्हय?"

"तुमी झालं म्हनला हुता. आता न्हाई झालं, आसं मी कसं म्हनू? आनि मांडल्यालं हत्यार उचललं हुतं. निवद झाला की सांगनार हुते."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सतरा वर्षं सीमेवर होता तेव्हा कुंडलच्या फाट्यावर हिनं पंक्चरचं दुकान चालवलं होतं, ट्रकची चाकं एकटीनं उतरवली होती. तो परत आला, सांगलीत गॅरेज टाकलं, आणि आता तू आराम कर म्हणाला. मायेनंच म्हणाला होता. त्यालाही नऊ वर्षं झाली.

"मेजर," राजवर्धननं विचारलं, "हे चाक बसवलं कुणी?"

फोन कानावरून न काढता केरबा म्हणाला,

"आमच्या मंडळींनी."

केरबानं रेंच मांडीवर आडवा घेतला. सॉकेटवरचं कुंकू त्यानं पुसलं नाही.

"चंद्रे," तो फोनमध्ये म्हणाला, "गाडी थोडी पळली की सगळे नट परत बगाय लागत्यात. सोमवारी गाडी येनार हाय. चारी चाकं खोलायची. तू आसशील न्हवं?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"आसंन की," चंद्राबाई म्हणाली. "पन आदी गॅरेजातला त्यो जॅक बदला. गाडी उचलली की आपसूक खाली बसतोय. पहाटं दोनदा बसला."