मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

"मास्तर, जरा आत या. तुमचा फोटो आलाय," मालकाने ऑफिसातून हाक मारली.

मास्तर गाडीची काच पुसत होते. फोटो कसला ते त्यांना कळेना. लग्नानंतर कुणी मुद्दाम त्यांचा फोटो काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. फडकं खांद्यावर टाकून ते आत गेले. ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि रस्त्यावरच्या खुणांचा भिंतभर तक्ता. मालकाने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

फोटो हायवेवरच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. शाळेचीच पांढरी गाडी, टपावर 'शिकाऊ'ची पाटी. स्टिअरिंगला गच्च धरून, नाक काचेला लागेल इतक्या पुढे वाकलेल्या लॉन्ड्रीवाल्या बाई. आणि शेजारच्या सीटवर मास्तर. मान खिडकीकडे कललेली, तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. खाली गाडीचा वेग लिहिला होता आणि तो चांगलाच होता.

"वेगाचं चलान आलंय," मालक म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "या बाईंना, मास्तर. सायकलवाले ज्यांना घंटी वाजवून पुढे जातात, त्या बाईंना. कासवाला पळतो म्हणून पकडल्यासारखं झालं हे."

मास्तर हसायचं म्हणून हसले.

मालक तसा भला माणूस. त्याच्या वडिलांनी ही शाळा काढली तेव्हापासून मास्तर इथे होते, आणि मालकाला गाडी शिकवली तीही मास्तरांनीच. त्यामुळे तो पगार देत असला तरी त्यांच्यासमोर खुर्चीत नीट सावरून बसायचा. आता हसणं थांबवून त्याने खुर्ची पुढे ओढली.

"दंडाचं काही नाही, तो मी भरतो. पण शिकाऊ गाडीत जबाबदारी मास्तरची. हे डोळे मिटलेले दिसतायत ना, त्याचा आरटीओच्या साहेबांनी खुलासा मागितलाय. झोपला होतात म्हटलं तर तुमचं शिकवण्याचं लायसन्स जाणार. जागे होतात, तर प्रश्नच मिटला." तो जरा थांबला. "पापणी लवली असेल ना, मास्तर? नेमकी त्याच क्षणी?"

"असेल," मास्तर म्हणाले.

"मग तेवढं लिहून द्या. घाई नाही, उद्या दिलं तरी चालेल."

पापणी लवली नव्हती. मास्तर चक्क झोपले होते. टोलनाका मागे पडल्याचं त्यांना आठवत होतं आणि त्यानंतर एकदम नदीवरचा पूल. मधला रस्ता कुठे गेला, ते देव जाणे. जाग आली तेव्हा बाई समोर बघून शांतपणे गाडी हाकत होत्या, म्हणून आपली डुलकी कुणाच्या ध्यानात आली नाही, असं समजून ते गप्प बसले होते. चोरी पचली म्हणेपर्यंत चोराचा फोटोच निघाला.

झोपेचं कारण घरी होतं. मागच्या हिवाळ्यात बायकोचं एक अंग लुळं पडलं. दिवसा शेजारच्या मावशी बघायच्या, रात्र मास्तरांची. तिला सारखी कूस बदलून द्यावी लागे, पाठीला मलम लावावं लागे, नाहीतर कातडी सोलवटून निघायची. ऑफिसात त्यांनी एवढंच सांगितलं होतं की घरी बरं नसतं. लोकांपुढे रडगाणं गायचा त्यांचा स्वभाव नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर गाडीतली ती सीट ही त्यांच्या दिवसातली एकमेव जागा होती, जिथे त्यांना कुणाला उचलायचं नसे.

त्या सीटचा त्यांना अभिमानही होता. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, क्लच असतो, पण ॲक्सिलरेटर नसतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते हेच सांगायचे, "मला फक्त थांबवता येतं. पळवायचं तुमचं तुम्ही." सगळे हसायचे आणि धीट व्हायचे. इतकी वर्षं त्या एका पायावर ही शाळा निर्धास्त चालली होती.

दुपारी लॉन्ड्रीवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, हाताची कातडी साबणाने पांढरी पडलेली. इस्पितळांच्या चादरी धुण्याचा त्यांचा धंदा. व्हॅन नवरा चालवायचा, पण त्याची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायची बंदी केली. तेव्हा या वयात बाई शिकायला आल्या. पहिले काही दिवस त्या गाडी सुरू करण्याआधीच घामाघूम व्हायच्या.

मालकाने त्यांनाही फोटो दाखवला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"मास्तर जागे होते," त्या म्हणाल्या.

"मी कुठे नाही म्हणतोय?" मालक म्हणाला. "पण बाई, एवढी पळवलीत कशाला?"

"मास्तरांनी ब्रेक दाबला नाही. मला वाटलं, दाबत नाहीत त्या अर्थी बरोबरच चाललंय." त्या मास्तरांकडे वळल्या. "हो ना, मास्तर?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई त्यांच्या पायाच्या भरवशावर गाडी सोडून देते, आणि पाय झोपलेला. काही झालं असतं तर? बाईंच्या तोंडाकडे पाहवेना. पाहिलं तेव्हा तिथे भीती नव्हती. आपण हायवेवर गाडी पळवली आणि मास्तरांनी अडवलं नाही, याचा त्यांना अभिमानच वाटत असावा. तो मोडणं मास्तरांच्या जिवावर आलं.

"हो," ते म्हणाले. "थांबवायची गरजच नव्हती. चांगली चालवत होतात."

बाईंनी मान खाली घालून पदर सारखा केला.

संध्याकाळी मास्तरांनी सगळं बायकोला सांगितलं. आजारानंतर तिच्याकडे एकच शब्द उरला होता, "नको." चहा हवा का विचारलं की ती नको म्हणायची आणि कपभर चहा पिऊन टाकायची. खिडकी उघडू का, नको. बंद करू का, नको. मास्तर त्या एका शब्दातून सगळा संसार ओळखून घ्यायचे. फोटोत आपण कसे दिसत होतो, त्याची तोंड उघडं टाकून त्यांनी नक्कल केली, तेव्हा तिचा अर्धा चेहरा हसला.

"पापणी लवली असं लिहून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? दे म्हणतेय की देऊ नको म्हणतेय? मास्तरांनी उठून तिची कूस बदलली.

सकाळी ते खुलासा लिहूनच निघाले. कागद घडी करून खिशात घातला. पहिली शिकवणी एका नर्सची होती. मुलगी हुशार, हात स्थिर. बाजारातून गाडी नीट बाहेर काढली तिने. मास्तर तिला आरशांबद्दल सांगत होते. मागचा आरसा, बाजूचा आरसा, मग वळणाचा दिवा. वाक्य अर्धवट राहिलं.

"मास्तर? मास्तर, सिग्नल सुटलाय. जाऊ ना?"

मागे हॉर्नचा गोंगाट चालला होता. मास्तर दचकून उठले आणि त्यांचा पाय भसकन ब्रेकवर बसला. गाडी उभीच होती. नर्स त्यांच्याकडे पाहत होती, आणि ती शिकायला आलेली मुलगी न राहता ड्युटीवरची नर्स झाली होती.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे बरं आहे. चला, गाडी परत घ्या. सावकाश."

परत येईपर्यंत त्यांनी मांडीला चिमटे काढत डोळे उघडे ठेवले. समोर रस्त्यावर माणसं चालत होती, एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता. मास्तरांना भीती वाटली. आयुष्यात गाडीत बसून त्यांना प्रथमच भीती वाटली.

ऑफिसात जाऊन त्यांनी कागद खिशातून काढला, पण मालकाच्या हातात दिला नाही.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

मालकाने दाराकडे पाहिलं. "मास्तर, हळू बोला. आपलं ठरलंय ना?"

"आताही झोपलो होतो. सिग्नलला. पोरीने उठवलं."

मालकाने उठून दार लोटलं. मग त्याने विचारलं, आणि या वेळी तो मालकासारखं नाही, विद्यार्थ्यासारखं बोलला. "घरी काय झालंय, मास्तर?"

मास्तरांनी सांगितलं. सांगायला फारसा वेळ लागला नाही. इतके महिने जे सांगायचं नाही म्हणून जिवापाड जपलं, ते चार वाक्यांत संपलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

लायसन्स गेलं. साहेबांनी आधी काही महिन्यांसाठी म्हटलं होतं, पण मास्तरांचं वय बघून नूतनीकरण होणार नाही, हेही हळूच सांगितलं. मालकाने नोकरी ठेवली. आता मास्तर ऑफिसात खुर्चीवर बसून नव्या लोकांना भिंतीवरच्या खुणा शिकवत. पगार कमी, येणं उशिरा, जाणं लवकर. गाडीत त्यांच्या जागी नवा मास्तर बसू लागला. तरणाबांड, दिवसभर च्युइंगगम चघळणारा. गाडी आवारातून बाहेर पडताना मास्तर खुर्चीतून बघत, आणि वळणावर टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप दाबला जाई. ते कुणाला दिसत नसे.

लॉन्ड्रीवाल्या बाई परीक्षा पास झाल्या, हे त्यांना मालकाकडून कळलं. मग एका संध्याकाळी त्या स्वतःच आल्या, आवारात व्हॅन उभी करून. उभी केली तीही एका दमात, दोन गाड्यांच्या मधोमध.

"चला मास्तर, घरी सोडते."

"तुमच्या फेऱ्या असतील."

"झाल्या. चला तर खरं."

व्हॅनमध्ये धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होते. त्यांचा ऊबदार, कोरा वास येत होता. मास्तर शेजारच्या सीटवर बसले. पहिल्याच चौकात समोरून रिक्षा आली, आणि त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाही, मास्तर," बाई समोर बघतच म्हणाल्या.

"सवय आहे."

हायवेला लागल्यावर एक ट्रक मागे येऊन चिकटला आणि हॉर्न वाजवू लागला. बाईंनी आरशात पाहिलं, दिवा लावला आणि व्हॅन सावकाश कडेला घेतली. ट्रक दणाणत पुढे निघून गेला.

"त्या दिवशी हे सुचलं नाही मला," त्या म्हणाल्या.

"कोणत्या दिवशी?"

"फोटोच्या. असाच एक ट्रक मागे लागला होता. त्याच्या हॉर्नने तुम्ही दोनदा दचकलात. म्हटलं, आता जागे होतील. म्हणून मग पळवली. तो मागे पडला, तेव्हा कुठे बरं वाटलं."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तुमच्या बाहीला त्या मलमाचा वास यायचा. आमच्याकडे इस्पितळाच्या चादरींना येतो, खूप दिवस पडून असलेल्या माणसांच्या." बाईंनी गिअर बदलला. "घरी कोण आहे, ते विचारायची हिंमत झाली नाही. झोपलात तेव्हा वाटलं, झोपू दे."

"आणि काही झालं असतं तर?"

"भीती वाटत होती ना. पण तुम्हाला उठवायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "माझ्यामुळे तुमची गाडी गेली, मास्तर."

"तुमच्यामुळे नाही," मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी मात्र खोटं बोललो तुमच्याशी. गरज नव्हती म्हणालो."

"नव्हतीच ना," बाई म्हणाल्या.

मास्तरांच्या घराचं वळण दिसू लागलं. बाईंनी दिवा लावला नाही.

"आज घरी कोण आहे?"

"लेक आलीये दोन दिवस."

"मग पुलापर्यंत जाऊन येऊ?"

वळण मागे पडलं. व्हॅन कडेच्या रांगेतून सावकाश चालली होती, इतकी सावकाश की मागच्या गाड्या एकेक करून पुढे जात होत्या. कुणी हॉर्न वाजवला तरी बाई आपल्या त्याच चालीने जात राहिल्या. मास्तरांनी दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले, मान खिडकीला टेकली आणि डोळे मिटले.