सात दिवसांची मुदत

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. एका कारखान्यात माझा जन्म झाला. बिडाचा जड पाय, लाल रेक्झिन, मान टेकायला उशी आणि उंची वाढवायला पायाने दाबायचा खटका. मला ट्रकमधून उतरवताना चार माणसांना घाम फुटला होता. मालकांनी मला आरशासमोर बसवले, पायाचे बोल्ट जमिनीत आवळले आणि म्हणाले, "आता हलायचं नाही." एकतीस वर्षे मी हलले नाही.

पहिल्यांदा केस कापायला आलेली पोरे माझ्या हातांवर आडव्या ठेवलेल्या फळीवर बसून भोकाड पसरत. नवरदेव बसत, मुलाखतीला निघालेले बसत. टक्कल पडलेले एक मास्तर दर महिन्याला येत. मालक त्यांच्या डोक्याभोवती कात्री नुसतीच वाजवत राहत. "नाहीत त्या केसांचेही पैसे घेता," म्हणून मास्तर कुरकुरत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर होत. "अशी खुर्ची आता मिळत नाही," असे कुणी म्हटले की मालक माझ्या पाठीवर थाप मारत, जणू मी त्यांची थोरली लेक.

मालक स्वतः मात्र माझ्यावर कधी बसले नाहीत. एका दुपारी बसले. "जरा टेकतो," म्हणाले. ऐकायला मी सोडून कुणी नव्हते. त्यांनी मान उशीला लावली. मग उठले नाहीत.

त्यानंतर मला फारसे काही वाटेनासे झाले. आरशावर धूळ बसली, माझ्यावरही बसली.

दुकानाची जागा भाड्याची होती. दोन महिन्यांत ती रिकामी करायची होती. म्हणून मालकीणबाई आणि त्यांची मुलगी रोज सामान आवरायला येऊ लागल्या. मुलगी दवाखान्यात नर्स, भराभर काम उरकणारी. तिने मला पुसले, चारही बाजूंनी फोटो काढले आणि फोनवर विक्रीचा फॉर्म उघडला.

"आई, विकण्याचं कारण विचारतायत. नवी वस्तू घेतली, घर बदलतोय, गरज उरली नाही. काय टाकू?"

मालकीणबाईंनी फोन हातात घेतला आणि तिसऱ्यावर स्वतः बोट ठेवले. मग म्हणाल्या, "बाबा हिच्यावरच गेले, ते लिहावं लागतं का गं?"

"त्याला रकानाच नाहीये."

पुढे पद्धत निवडायची होती. ठरलेल्या किमतीला विकायचे की बोली लावू द्यायची? मुलगी म्हणाली, बोली. मालकीणबाई म्हणाल्या, ठरलेली किंमत, आणि मुदत महिन्याची. किंमत त्यांनी अशी काही सांगितली की मुलगी बघतच राहिली, पण तिने तीच टाकली. महिनाभरात माझा फोटो कितीतरी लोकांनी पाहिला. घेतले कुणीच नाही. मालकीणबाईंना तेच हवे होते, हे मुलीलाही कळले असावे.

महिना संपला तसे जागामालक दारात उभे राहून, "वहिनी, पंधरा दिवसांनी रंगारी येतोय," असे सांगून गेले.

"आता बोलीच," मुलगी म्हणाली. "तीन दिवस, सात की दहा?"

"दहा."

"दहा दिवस कोण लक्षात ठेवतंय! आणि तीन ठेवले तर कुणाला पत्ताच लागायचा नाही. सात ठेवू. रविवारी संध्याकाळी संपेल असं. सगळे घरी असतात, शेवटच्या घटकेलाच चढाओढ लागते."

"तुला कळतं त्यातलं. पण घेणारा कोण, ते आपण ठरवायचं ना?"

"बोलीत नाही ठरवता येत, आई. ज्याची जास्त, त्याची वस्तू."

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. त्या दिवसांत त्या सगळ्यालाच बरं म्हणत.

दुसऱ्याच दिवशी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाची बोली आली. त्यांना मी शोभेसाठी हवी होते. चौथ्या दिवशी एका बाईचा निरोप आला. ती आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचे केस कापायची. मुलीने तो मोठ्याने वाचला: "पाठ पूर्ण मागे जाते का? माझ्या गिऱ्हाइकांना ताठ बसवत नाही."

"हिलाच देऊ!" कित्येक आठवड्यांत मालकीणबाईंचा आवाज एवढा वर गेला नव्हता. "बंद कर ती बोली."

"एकदा कुणी बोली लावली की बंद नाही करता येत गं. महिनाभर ठेवली होती तेव्हाच जर किंमत..." मुलगी अर्ध्यावर थांबली.

तिने त्या बाईला लिहिले, पाठ पूर्ण मागे जाते, जरूर बोली लावा. त्या बाईने लावली. रविवारी संध्याकाळी दोघी बाकावर बसून फोनकडे पाहत होत्या. ती बाई तीनदा वर चढली. दुकान चौथ्यांदा चढले आणि मुदत संपली.

"भाव चांगला आला," असे म्हणून मुलगी रडू लागली. मालकीणबाई रडल्या नाहीत. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तिला लिही, आम्हाला तिलाच द्यायची होती."

आता मी त्या कपड्यांच्या दुकानात आहे. माझ्या हातावर एक कोट टाकलेला असतो आणि बैठकीवर 'बसू नये' अशी पाटी. झाडलोट करणारी बाई मला रोज पुसते. मी चकाकते. दुःख होत नाही, आनंदही होत नाही. परवा एक म्हातारे गृहस्थ बायकोची वाट बघत उभे होते. त्यांनी पाटी वाचली, इकडेतिकडे पाहिले, ती उचलली आणि सरळ बसले. पाटी मांडीवर उलटी ठेवली. बायको येईपर्यंत, दहा मिनिटे, त्यांचे वजन माझ्यावर होते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू विकायला काढाल, तेव्हा फोटो स्वच्छ काढा, मुदत विचार करून निवडा. पण बोट ठेवण्याआधी, ती कुणाच्या हाती जावी असे तुम्हाला वाटते, ते घरातल्यांना एकदा मोठ्याने सांगा. बोली लागल्यावर ते सांगून उपयोग नसतो.