नववा फर्मा

१२ मे, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे. छापखान्याच्या बांधणीखात्यात नववीच्या जीवशास्त्राचे फर्मे बारा रांगांत लावलेले होते. प्रत्येक रांगेत सहा हजार चारशे. फर्मा म्हणजे सोळा पृष्ठांची एक घडी. अशा बारा घड्या क्रमाने शिवल्या की पुस्तक होते. त्या सकाळी शिक्षण मंडळाचा हुकूम आला: नववा फर्मा वगळून पुस्तक शिवावे, वगळलेल्याचा लगदा करावा.

नवव्या फर्म्यात, पृष्ठ १२९ ते १४४, 'सजीवांची उत्क्रांती' हे प्रकरण चपखल बसले होते. त्याविरुद्ध सह्यांची मोहीम झाली, मोर्चा निघाला, 'आम्ही माकडाची औलाद नाही' असे फलक भिंतीभिंतीवर लागले. मंडळाने मान तुकवली.

बांधणीखात्याचे प्रमुख तंत्रविद्यालयात शिकलेले, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले. एकतीस वर्षांत त्यांचा आकडा एकदाही चुकला नव्हता. म्हणून कामगार त्यांना 'फूटपट्टी' म्हणत, आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही.

"फूटपट्टी, बघितलंत का?" कागद कापणारा कटिंगवाला खदखदला. "पान एकशे अठ्ठावीस, आणि त्यापुढं थेट एकशे पंचेचाळीस! माकड बाहेर काढलं, पण उडी आतच राहिली की हो!"

"तोंड कमी चालव, हात जास्त," फूटपट्टी म्हणाले. हसू मात्र त्यांना आले नाही. सह्यांच्या मोहिमेच्या कागदावर त्यांचीही सही होती. सामुदायिक प्रार्थनेनंतर कागद फिरला, शेजाऱ्याने पेन पुढे केले, आणि त्यांनी सही ठोकली. देवाने माणूस स्वतःच्या हातांनी घडवला, यावर त्यांची श्रद्धा होती. पण घड्या तपासताना त्यांनी तो फर्मा आडवातिडवा वाचला होता, आणि तेव्हापासून मनात काहीतरी सलत होते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांची मुलगी आली. ती शाळेत नववी 'ब'ला हाच विषय शिकवी.

"बाबा, रद्दीच आहे ना ही? मला अडतीस द्या."

"लगद्याचा हुकूम आहे."

"माझ्या वर्गात अडतीस मुलं आहेत. पहिल्याच दिवशी विचारतील, मधली पानं कुठं गेली. काय सांगू? उंदरांनी खाल्ली?"

"देवाच्या विरुद्ध आहे म्हणतात ते."

"लोक म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी रांगेतली एक वाकडी घडी सरळ केली.

"मोहिमेच्या त्या कागदावर सत्ताविसाव्या ओळीत सही आहे तुमची. वाचलीय मी." तिने रांगेतला एक फर्मा उचलला. "लहानपणी तुम्हीच दाखवायचात ना, जुन्या आवृत्तीतली चूक नव्या आवृत्तीत कशी उतरते ते? चूक बघून सांगायचात, कुठलं पुस्तक कुठल्या पुस्तकावरून छापलं. वर्गात मी तेच उदाहरण देते, बाबा. त्यात देवाला धक्का लागेल असं काय आहे?"

फूटपट्टींनी अडतीस फर्मे मोजले, पुन्हा मोजले आणि जाड खाकी कागदात बांधून दिले. संध्याकाळी नोंदवहीत लिहिले: छापून आले ६,४००, लगद्याला गेले ६,३६२.

शाळा सुरू झाली. ३ जुलैला नववी 'ब'तल्या एका मुलीच्या दप्तरात तिच्या पालकांना सुटा फर्मा सापडला आणि गहजब उडाला. दुसऱ्याच दिवशी सह्यांची मोहीम चालवणाऱ्या पालक समितीचे अध्यक्ष छापखान्यात चौकशीला येणार, असा निरोप आला. ते यायच्या आधी व्यवस्थापकांनी फूटपट्टींना खोलीत बोलावून दार लोटले.

"मास्तर, सहा हजार तीनशे बासष्टचे सहा हजार चारशे करायला कितीसा वेळ लागतो? वही तुमची, हात तुमचा. तो फर्मा म्हणजे छपाईतलं खराब पान होतं, असं म्हणू. मुलगी सुटेल तुमची. वाकडं बोट केल्याशिवाय तूप निघत नाही हो."

फूटपट्टींनी पेन उघडले. तेवढ्यात अध्यक्ष आत आले. प्रार्थनेला ते नेहमी फूटपट्टींच्या शेजारीच बसत.

"मास्तर, तुम्ही देवमाणूस. तुमचा आकडा म्हणजे आमच्यासाठी शपथ. सगळे गेले ना लगद्याला?"

एक 'हो' पुरला असता. पण ज्या देवासाठी सही केली, त्याच देवाच्या नावाने खोटे कसे बोलायचे? खरे बोलावे, पुढचे तो बघून घेईल, असा त्यांनी हिशेब केला आणि वही फिरवून पुढे ठेवली.

"अडतीस कमी आहेत."

"कोणाला दिलेत?"

"माझ्या मुलीला."

अध्यक्षांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "अशी माणसं आता राहिली नाहीत," असे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

आठ दिवसांत मुलीला कामावरून काढले. 'श्रद्धेचा अवमान' एवढेच कारण पत्रात होते. त्या दिवशी तिने वडिलांना नेहमीसारखेच जेवायला वाढले.

"खोटं कसं बोलू गं मी?" त्यांनी ताटाकडे बघत विचारले.

"तुम्ही सही केलीत तेव्हा राग आला होता, बाबा. आज तोही येत नाही." तिने पाण्याचा पेला सरकवला. "जेवा. अडतीसच होते ते. आकडा बरोबर होता तुमचा."

१९ जुलै, दुपारचे चार. शाळेने मुलांकडून परत घेतलेले फर्मे सुतळीने बांधून छापखान्यात पाठवले. सोबत समितीचा माणूस होता. खिशात नववी 'ब'ची अडतीस नावांची यादी. "मोजून नोंद करा, मास्तर," तो म्हणाला. "एखादा जरी कमी भरला, तर घरोघर जाऊन शोधायचं ठरलंय. मग त्या पोराचीही शाळा संपली. तुमच्या मोजणीवर आमची मोजणी नाही."

फूटपट्टींनी सुतळी सोडली. मोजले: सदतीस. बोटाला पाणी लावून पुन्हा मोजले: सदतीस. तिसऱ्यांदा मोजले. कटिंगवाला पलीकडून बघत होता.

त्यांनी नोंदवही ओढली, पेन उघडले, आणि एकतीस वर्षांच्या त्याच सुवाच्य, सरळ अक्षरात लिहिले:

परत आलेले फर्मे : ३८.