आधी राब, मग मी

मी एक जिवाणू बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. जंतू म्हटलं की तुमचा हात साबणाकडे जातो, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमची एक पिढी म्हणजे तुमचं जेवण उरकेपर्यंतचा वेळ, त्यामुळे मी म्हणालो काय नि आम्ही म्हणालो काय, सारखंच. एक मेला तरी दुसऱ्याला सगळं आठवतं. कान नसताना ऐकू कसं येतं, हेही विचारू नका. तुमच्या गोष्टींत झाडं बोलतात, डोंगर बोलतात, तेव्हा तुम्ही गुपचूप ऐकूनच घेता की.

माझं मूळ गाव म्हणजे शिरगावच्या पलीकडची खाडी. भरतीचं पाणी येऊन जातं त्या चिखलात मोरस नावाची भाजी उगवते. बुटकी, जाड पानांची, चवीला खारट. तिच्या मुळांशी आमचं बिऱ्हाड होतं. मुळं आम्हाला गोड रस द्यायची. बदल्यात आम्ही मुळांभोवती चिकट लेप लावायचो, की मीठ त्यातच अडकून पडायचं. खाऱ्या पाण्यानं मूळ घाबरलं की वाढ थांबवून बसतं. ते घाबरणंच आम्ही खाऊन टाकायचो. यात मोठेपणा काही नाही. पोटासाठीच करत होतो.

एक दिवस मेघाली नावाची मुलगी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरली. ती लातूरकडची. शेतीचं मोठं शिक्षण घेऊन खाऱ्या जमिनींवर काम करायला इकडे आली होती. तिनं मोरसाचं रोप मुळासकट उपटलं आणि पिशवीत घातलं. मला वाटलं, झालं, आता कढईत. पण मी पोचलो पालघरच्या एका खोलीत, काचेच्या बशीत. खायला साखर, फिरवायला यंत्र, वर थंडगार पंखा. पाहुणचारच म्हणा ना. मेघाली रोज डोळे बारीक करून आम्हाला बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "जमतंय. भाताच्या मुळालाही हे जमेल." कुणी इतक्या आशेनं बघायला लागलं की जिवाणूलाही अंगात बळ येतं.

मग मला एका पांढऱ्या बाटलीत भरलं आणि बाटली गेली रखमाकडे.

रखमा आणि बळवंत हे खाडीकाठच्या गावातलं जोडपं. घरामागे नारळी, चिकूची चार झाडं, आणि खाली बांधाला लागून खाऱ्या पट्टीतला भाताचा तुकडा. पूर्वी तिथं लाल भात व्हायचं. मग एका उधाणाला बांध फुटला, समुद्र शेतात येऊन बसला, आणि गेला तो मीठ मागे ठेवून. त्यानंतर लावलेलं भात पिवळं पडून वाळायचं. आजूबाजूच्या लोकांनी कंटाळून आपापल्या शेतांत कोळंबीची तळी खणली. रखमा-बळवंतचा मुलगा शैलेशही तेच म्हणत होता. तो तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि घरी आला की खोकत बसायचा.

बाप-लेकात ठरलं होतं, ते मी पहिल्याच दिवशी ऐकलं. "हे साल शेवटचं," बळवंत म्हणाला. "भात झाला तर शेत ऱ्हाईल. नाय झाला तर खण तुझा तलाव. मी मधे येणार नाय." रखमानं बाटली उचलून देव्हाऱ्यात ठेवली आणि हळदकुंकू लावलं. हळद आमच्या जातीला फारशी मानवत नाही, पण बाटलीला झाकण होतं म्हणून निभावलं.

मेघालीनं तिला नीट समजावलं होतं. "काकू, अर्धी बाटली शेणखतात कालवा आणि रोपं करता त्या वाफ्यात घाला. उरलेली लावणीला. रोपांची मुळं तिच्या पाण्यात बुडवा आणि मग लावा. उन्हात ठेवू नका, औषधं मिसळू नका."

रखमानं सगळं मनावर घेतलं. ती तशी टोमणेबाज बाई, लेकाला आणि नवऱ्याला एकाच मापानं मोजणारी, पण माझ्या बाबतीत तिची माया उतू जात होती. वैशाखात तिनं घरामागच्या उंचवट्यावरचा वाफा साफ केला, अर्धी बाटली शेणखतात ओतली आणि पोळ्यांची कणीक मळावी तसं ते कालवलं. मग मूठमूठ करून वाफ्यावर पसरलं. मी ओलसर शेणात अंग ताणलं. बरं वाटलं. आता बी पडेल, मूळ फुटेल, आणि मी कामाला लागेन.

आणि मग ती पालापाचोळा घेऊन आली.

तुम्ही घाटावरचे असाल तर सांगतो. या पट्टीत भाताची रोपं, म्हणजे आवण, करायच्या आधी त्या वाफ्यावर वाळका पाला, काटक्या, सुकलेलं शेण पसरतात आणि पेटवून देतात. याला म्हणतात राब भाजणं. तणाचं बी जळतं, राखेनं रोप तरारतं. आजी-पणजीच्या आधीपासून चालत आलेली रीत. रखमानं पाला पसरला, वर गोवऱ्या रचल्या, वर माती भुरभुरली की आग दबून बसावी आणि खोलवर भाजावं. सगळं नेहमीसारखं, उलट नेहमीपेक्षा जास्त मन लावून. उरलेली बाटली तिनं शेजारच्या चिकूखाली सावलीत ठेवली होती. म्हणजे मी वाफ्यातही होतो आणि सावलीतही.

काय करणार मी? हाक मारायला तोंड नाही. उड्या मारायला पाय नाहीत. बाई माझ्यासाठीच राबतेय आणि मलाच चितेवर ठेवतेय, हे मी झाकणाआडून बघत बसलो. तिनं काडी ओढली. धूर निघाला. ती पदरानं डोळे पुसत बळवंतला म्हणाली, "यंदा राब कसा झकास लागलाय बगा. औषध बी हाय, राख बी हाय. यंदा आवण काळंभोर येल."

आतला मी संपलो. सावलीतला मी उरलो. उरणं काही सुखाचं नव्हतं, एवढंच सांगतो.

आवण आलंही तसं हिरवंगार, राखेच्या जोरावर. सगळे खूश झाले. मी परत देव्हाऱ्यात येऊन कुढत होतो, कारण त्या रोपांच्या मुळांशी कुणीच नव्हतं. बाटलीतली साखर संपली होती, आम्ही उपाशी आणि अर्धमेले झालो होतो. लावणीच्या दिवशी रखमानं मला घमेल्यातल्या पाण्यात ओतलं. पाणी थोडं, रोपांच्या जुड्या ढीगभर. तिनं विचार केला, वाफ्यात औषध पोचलंच आहे, मग हे थोडकं उरलंय ते सगळ्यांत वाईट कोपऱ्याला देऊ. बांधाजवळच्या त्या कोपऱ्यात गवतदेखील उगवत नव्हतं, नुसता पांढरा थर. तिथल्या रोपांची मुळं तिनं एकेक जुडी धरून माझ्यात बुडवली.

मी मुळाला मिठी मारली. दुसरं काय करणार होतो?

श्रावणातल्या उधाणाला बांधातून खारं पाणी झिरपलं. चार-आठ दिवसांत बाकी शेतातल्या रोपांची टोकं करपली, मग पानं पिवळी पडली, मग काड्या उरल्या. कोपरा तेवढा उभा होता. हिरवा, हट्टी. बळवंत बांधावर उभा राहून डोकं खाजवत होता. "समद्यांत वाईट जागा ती," तो म्हणाला, "आन् तिथंच भात हाय. उलटंच झालं."

मेघाली आली. ती आधी कोपऱ्यात गेली, मुळं उपटून बघितली आणि तिचा चेहरा फुलला. मग बाकीच्या शेतातलं मूळ उपटलं, तर त्यावर लेपच नव्हता. "काकू, वाफ्यात घातलं होतं ना?"

"घातलं ना. या हातांनी. आन् वर राब बी चांगला भाजला."

"घालून मग भाजला?"

"मग? राब नाय भाजला तर आवण कसं व्हईल?"

मेघाली बांधावर बसलीच. मग म्हणाली, "काकू, ते जिवंत होतं. माझी चूक झाली. आमच्याकडे राब नसतो. मला ठाऊकच नव्हतं, नाहीतर आधी भाजा आणि मग घाला म्हणून सांगितलं असतं."

रखमाला कळायला क्षणभर लागला. मग ती नवऱ्याकडे वळली. दुसरी असती तर झाकून नेलं असतं. ती म्हणाली, "अहो, मीच जाळलं. देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू लावलं, आन् मीच जाळलं."

मला वाटलं, आता हा म्हातारा तोंडाचा पट्टा सोडणार. बळवंत म्हणाला, "राब भाजला नसतास तर मीच तुला चार शब्द सुनावले असते. मग मी जाळलं म्हण." आणि तो विडी शोधायला खिसे चाचपू लागला. खिशात विडी नव्हती, तरी चाचपत राहिला.

त्या रविवारी शैलेश घरी होता. रखमा त्याच्यासमोर जाऊन बसली. मेघालीही होती, आणि तिच्या हातातल्या मुळाशी मीही. "एकच साल दे," रखमा म्हणाली. "कोपरा बग जाऊन. पुडच्या साली समदं शेत तसं व्हईल. आता चूक कळलीय."

शैलेश उद्धट नव्हता. असता तर बरं झालं असतं, रखमाला भांडता आलं असतं. तो खाली बघत म्हणाला, "आई, कोपरा बगितला मी. तुजं खरं हाय. पण मला त्या कंपनीत अजून एक साल काडवत नाय. रातपाळीला छाती भरून येते. तलाव झाला तर मी घरी ऱ्हाईन." मग त्याला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत सगळे थांबले.

रखमा उठली. तिनं त्याला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "खण."

शेत आणि लेकाची छाती यांत मी काय बोलणार? माझा लेप मिठाला अडवतो, बाकी कशाला नाही.

कोपऱ्यातलं भात पिकल्यावर जेसीबी आलं. चालवणारा बोईसरहून आलेला परप्रांतीय पोरगा. त्यानं पलीकडच्या टोकापासून खणायला घेतलं, आणि कोपऱ्याशी येईपर्यंत रखमा विळा घेऊन तिथं उभी होती. त्यानं यंत्र बंद केलं. "काट लो, माँजी," म्हणाला आणि खाली उतरून तंबाखू मळत बसला. तिनं निवांत, एकेक झुबका धरून भात कापलं. भारा डोक्यावर घेतला आणि मागे न बघता घरी गेली. लोंब्या भरलेल्या होत्या, हे मी अभिमानानं सांगतो. मग यंत्र सुरू झालं, आणि धसकटांसकट मी तलावाच्या नव्या बांधावर जाऊन पडलो. मेघाली त्यानंतर एकदा येऊन बांधावरची माती डबीत भरून घेऊन गेली. तिची नेमणूक आता दुसऱ्या खाडीवर आहे.

तळं तयार झालं. आधी त्यात पांढरी पावडर टाकून सगळे जंतू मारले. बांधावर होतो म्हणून मी वाचलो. आणि मग, ऐका गंमत, परवा शैलेश मनोरच्या दुकानातून एक बाटली घेऊन आला. आत काय? जिवाणू. कोळंबी निरोगी राहायला पाण्यात चांगले जंतू सोडावे लागतात म्हणे. माणसांचं हे मला कधी समजलं नाही. तरी त्याचा खोकला कमी झालाय, हे खरं आहे. मी बांधावरून रोज ऐकतो.

त्यानं बाटली आईच्या हातात दिली. "आई, सकाळी तूच सोड. मी जाळं बगतो."

रखमा तळ्याच्या काठाला आली, माझ्यापासून हातभर अंतरावर. बाटली तिनं दोन्ही हातांत धरली होती. झाकण काही उघडेना ती. शैलेशनं पलीकडून विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "काय करायचं ते मागनं सांग. काय करायचं नाय, ते पयलं सांग."

शैलेश हसला नाही. जाळं ठेवून तो आला आणि तिच्याशेजारी बसून सावकाश एकेक गोष्ट सांगू लागला. ती मान हलवत होती, मधेच थांबवून पुन्हा विचारत होती. कोपऱ्यातल्या भाताचा तिनं एक दाणाही रांधलेला नाही, बियाणं म्हणून मडक्यात ठेवलंय. पेरायला जागा नाही, हे तिलाही कळतं. मी इथं मातीत कोरडा पडत चाललोय. फार तर एखादा उन्हाळा काढीन. तिला एवढंच सांगायचं होतं, की रखमा, त्या आगीचा मला राग नाही. तुम्हाला कुणाला ती भेटली तर माझ्या वतीनं सांगा.