तीन धन्यांचा बेडूक

नाणं टाकून खेळायच्या यंत्रात एक बेडूक होता. तो इतका गाजला की त्याची कार्टून मालिका निघाली. टीव्हीवर एकदा लागली आणि मग जी गडप झाली ती झालीच. ना कॅसेट, ना डिस्क. बेडूक एक आणि धनी तीन! मूळ पात्र यंत्रवाल्यांचं, चित्रं स्टुडिओची, गाणं-बजावणं संगीतकाराच्या लेकीचं. एकाने हो म्हणावं तर दुसऱ्याने पाठ फिरवावी.

जुन्या मालिकांच्या डिस्क काढणाऱ्या एका कंपनीत परवानग्या मिळवणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना परवानेकाका म्हणत. त्यांनी या बेडकाचा ध्यासच घेतला होता. लोकांना वाटे, काय हा पोरकट नाद! पण बेडकाचा आवाज काकांच्या बायकोचा होता. ती गेली, आणि मूलबाळ नसलेल्या घरात तिच्या आवाजाचा एक तुकडाही उरला नाही. फोटो होते, पण फोटो काही हाक मारत नाहीत.

यंत्रवाले वळले, स्टुडिओ वळला. संगीतकाराची लेक मात्र ढिम्म. "बाबांचं संगीत काय मोडीत काढायचंय मला?" शेवटी संगीत वगळून डिस्क काढायचं ठरलं. नशीब, स्टुडिओने बोलणं वेगळ्या फितीवर जपलं होतं. ते तपासायला काका जाऊन बसले.

"काका, चाहते शिव्या घालतील हं," आवाजाचं काम बघणारी मुलगी म्हणाली. "बिनगाण्याचा बेडूक म्हणजे अळणी जेवण!"

"घालू देत. मला ऐकू तर दे, बाई."

फीत फिरली. बेडूक मगरीला दम देत होता, काका गालात हसत होते. मग एका भागाच्या शेवटी, जिथे पूर्वी ढोल-पिपाण्या वाजायच्या, तिथे बेडकाने घसा खाकरला. आणि दमलेला बाईचा आवाज आला, "झालं ना हो? उशीर झालाय. घरी हे जेवायचे थांबले असतील."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. काकांचे दोन्ही भरून आले.

मुलगी हळूच म्हणाली, "हे कापावं लागेल. संहितेत नाही."

"काप. विकायचं नाहीच ते."

"तुमच्यापुरती प्रत काढून देते ना! कुणाला कळतंय?"

काकांनी जन्मात बिनपरवानगीची प्रत कुणाला काढू दिली नव्हती. साहेबांच्या भाच्यालाही नाही. "परवानगी?"

"अहो, वारस तुम्हीच. तुमचीच की!"

"माझी आहे गं. हिची कुठाय? रेकॉर्डिंग चालू आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं."

मुलीने फीत मागे फिरवली. "मग... पुन्हा एकदा लावू?"

"लाव."

ऐकून झाल्यावर काकांनीच मानेने कापायची खूण केली, आणि तेवढा तुकडा डिस्कमधून गेला.

घरी येऊन त्यांनी पान वाढून घेतलं आणि त्यापुढे बसून राहिले. भात निवून गेला. थांबायची सवयच होती त्यांना.