मेव्हण्याचं नाव

हॉटेल विकलं गेल्याची बातमी पोर्ट व्हिला या बेटावरच्या शहराच्या बाजारात केळी विकणाऱ्या बायकांना आधी कळली आणि हॉटेलातल्या पोकरच्या खोलीचा मॅनेजर गॅरेथ पेलो याला नंतर. यात नवल काही नाही. मॅनेजर लोकांना सगळं शेवटीच कळतं. ब्रिस्बेनच्या लॉरेन स्टेव्हलीबाईंनी हॉटेल घेतलं होतं आणि पोकरची खोली मोडून त्या तिथे जुगाराची यंत्रं बसवणार अशी कुणकुण होती. यंत्रांना पगार नको, रजा नको, मामेबहिणीचं लग्न नको.

गॅरेथ मूळचा न्यूझीलंडचा. एका हिवाळ्यापुरता आला आणि अंबाए बेटावरच्या मेबलशी लग्न करून इथलाच झाला. ही खोली त्यानेच उभी केली. पत्ता कसा धरायचा इथपासून शिकवून डझनभर बायका वाटायला तयार केल्या. खोली गेली तर त्या सगळ्या घरी बसणार होत्या, आणि या वयात त्यालाही कुणी दारात उभं केलं नसतं.

शनिवारी दुपारी बाई आल्या. हसल्या नाहीत, बोलल्या नाहीत. कोपऱ्यातली खुर्ची ओढून बघत बसल्या. उभा जन्म कॅसिनोत काढलेला, नजर घारीची.

आणि नेमका तेव्हाच गॅरेथचा मेव्हणा आला. कावा नावाच्या नशेच्या मुळ्यांचा बडा व्यापारी, पोटाने आणि मनाने ऐसपैस, पत्त्यांत भलताच नशीबवान. तो टेबलाशी बसला मात्र, तिथे पत्ते वाटणारी रोझलिन चालू डाव संपवून उठली, कमरेत वाकून त्याच्या पाठीमागून भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. खोलीत कुणी मानसुद्धा वर केली नाही. तो रोझलिनचा थोरला दीर. थोरल्या दिरासमोर हात नाचवायचे, वर "तुमची पाळी" म्हणून त्याला टोकायचं? छे! कोण आल्यावर कुणी उठायचं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मेव्हण्याने लागोपाठ डाव मारले. बाईंनी गॅरेथला बोटाने जवळ बोलावलं.

"तो माणूस बसला आणि वाटणारी बदलली. जाताना वाकून खूण केली तिने. तेव्हापासून तो जिंकतोय. मी काय काल जन्मले?"

"मॅडम, खूण नाही ती, मान आहे. तिचा थोरला दीर आहे तो."

"बरं. नाव काय त्याचं?"

गॅरेथने तोंड उघडलं आणि मिटलं. लग्न झाल्यापासून ते नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं. घरी 'मेबलचा भाऊ', समोर 'मेव्हणे', फोनमध्ये नुसतं 'कावा'. तो ज्या गावचा, तिथे जावई सासऱ्यालाही नावाने हाक मारतो. दोन तर शब्द. म्हटले असते तर काही आभाळ कोसळलं नसतं, उलट खोली वाचली असती. पण जीभ वळेना. इतकी वर्षं आपण हे मेबलच्या समाधानासाठी पाळतो अशी त्याची समजूत होती. ते हाडीमासी कधी मुरलं ते त्याला कळलंच नव्हतं, आणि ते कळून त्याला भीतीच्या जोडीने चक्क आनंद झाला.

"मला ते घेता येत नाही, मॅडम. बायकोचा थोरला भाऊ आहे."

"तिचा दीर, तुमचा मेव्हणा!" बाई उसळल्या. "ए, तू सांग गं नाव."

रोझलिनने जीभ चावली. "अगं बाई! मी कशी घेऊ?"

"या गावात त्याला नावाने हाक मारणारं कुणी आहे की नाही?"

"त्यांची आई मारायची," रोझलिन म्हणाली. "ती वारली बिचारी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचा पारा चढला.

"ते काही नाही. हीच त्याला पत्ते वाटेल, आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर सोमवारपासून ही खोली बंद."

रोझलिनने गळ्यातली ओळखपट्टी काढून टेबलावर ठेवली. "मग करा बंद. मी केळी विकीन."

"शेजारी मला जागा ठेव," गॅरेथ म्हणाला, आणि त्याने स्वतःची पट्टी काढली.

तेव्हा मेव्हणा उठून आला. "हडसन गराए. मला माझं नाव घेता येतं, बाई. दाजींना छळू नका. माझ्या बसण्याने त्यांच्या पोटावर पाय येत असेल तर हा मी चाललो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग काढून ठेवलेल्या पट्ट्यांकडे.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. "नातेवाइकांना नातेवाइकांच्या टेबलावरून उठवता उठवता माझे केस पिकले. कॅमेरे लावले, पहारे ठेवले, तरी भाऊ भावाला हवे ते पत्ते वाटतच होता. आणि इथे न सांगता उठतात?"

"सांगावं लागलं तर लाज नाही का वाटायची?" रोझलिन म्हणाली.

"ते झालं," हडसन म्हणाला. "पण चारचौघांत दाजींना माझं नाव विचारलंत. त्याला दंड असतो. एक डुक्कर."

"मेव्हणे!" गॅरेथ घाईने म्हणाला. "त्या परक्या आहेत."

"परक्याला दंड नाही, कबूल. चार दिवस आला, चुकला, गेला; त्याचं कुणी मनावर घेत नाही. दंड इथे राहणाऱ्याला. आता त्या कोण, ते त्यांनीच सांगावं."

टेबलांवरचे हात थांबले. रोझलिनने डोळे मिटून घेतले.

"गॅरेथ," बाई म्हणाल्या, "डुक्कर केवढं लागतं?"

गॅरेथला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदमच झालं. "मोठं लागतं, मॅडम."

"मग मोठंच बघा. आणि हिला म्हणावं, पलीकडच्या टेबलावर बस. गिऱ्हाइकं खोळंबलीत."