यजमान मोतीराम

मृणालीने लॅपटॉप मिटला, तरी कान्हूकाकांचा फोन वाजायचा थांबेना.

"अगो, सगळ्या तालुक्याचा यजमान तुझा बापूस केलास का?" जोहे गावातल्या गणपती कारखान्याचे मालक हसतच म्हणाले, पण रंगाच्या बोटांनी फोन उचलून उचलून तो गुलाबी झाला होता. "रोह्याचा गिऱ्हाईक इचारतोय, हा मोतीराम कोन? आमची मूर्ती त्याला दिली का?"

तिला मान वर करवेना. सुट्टीच्या रविवारी इथे येऊन काकांच्या गिऱ्हाइकांना संदेश पाठवून द्यायची हौस तिचीच. संदेश एकच लिहिला होता : ‘यजमान, तुमची मूर्ती तयार आहे. पाट घेऊन या.’ त्यातला ‘यजमान’ हा शब्द स्वतः रिकामा. संदेश पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्याला ज्या घराशी बांधावं, त्या घराचं नाव तो घेतो. चाचणीसाठी तिने यादीत आईचा नंबर घातला आणि तो शब्द आपल्याच घराशी बांधला, वडिलांच्या, मोतीरामांच्या, नावाशी. आणि मग घरोघरी नव्याने बांधायचा राहून गेला, म्हणून सगळीकडे ‘यजमान मोतीराम’ गेलं.

वडील जाऊन वर्ष उलटलं होतं. "यंदा आणूया गो गणपती," असं आई फोनवर म्हणाली, तेव्हा मृणाली रोह्याच्या ऑफिसात होती. "मला सुट्टी नाय मिळत. बंदच करू आता," ती म्हणाली. आईने पुन्हा विषय काढला नाही.

तिने लॅपटॉप उघडला, शब्द ज्याच्या त्याच्या घराशी बांधला आणि सगळ्यांना लिहिलं : ‘मघाचा संदेश चुकून आला. क्षमस्व.’

पाठवून वर बघते तो कारखान्याच्या दारात आई. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत घासूनपुसून लख्ख केलेला पाट.

"तू हितंच हायस व्हय?" आई दम खात म्हणाली. "मेसेज आला. शेजारच्या पिंकीनं वाचून दाखवला. त्यांच्याच नावाचा हाय गो. मला वाटलं, तूच सांगून ठेवलंस."

कान्हूकाकांनी हातातला ब्रश पाण्यात बुडवला आणि तो उगाच हलवत राहिले.

तेवढ्यात आईच्या पिशवीतला फोन वाजला.

"बघ गो, आता काय लिवलंय? चष्मा नाय आनला."

मृणालीने फोन घेतला. स्क्रीनवर तिचीच ओळ होती : ‘मघाचा संदेश चुकून आला. क्षमस्व.’

"मूर्तीवर घालायला रुमाल आणा, म्हणतायत," ती म्हणाली.

"तो आनलाय की," आई म्हणाली, आणि पिशवीत हात घातला.

कान्हूकाका उठले. मागच्या फळीवरच्या लहानशा मूर्तीवरची धूळ फुंकू लागले.